जात्यावरची ओवी, जलशाचे गाणे आणि आपले घर



दीक्षा घेतल्यावर भिंतीवरच्या तसबिरी उतरविणे हे एका दिवसाचे काम असते. देव्हारा हलविता येतो, गंडेदोरे तोडता येतात, पोतराजाच्या जटा कापता येतात. परंतु आजीच्या गळ्यात साठ वर्षे मुरलेली ओवी कशी उतरवायची? पहाटे जाग आली की ती अजूनही विठोबाचे नाव घेऊन गुणगुणते, आणि शिकलेला नातू अंथरुणातूनच ओरडतो, "आजी, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना तू?" म्हातारी गप्प बसते. तिला काय चुकले ते कळत नाही, आणि नातवालाही आपण काय बंद पाडले ते कळत नाही. नवदीक्षित कुटुंबांत हा प्रसंग वरचेवर घडतो, म्हणून आजचा पाठ गाण्यावर आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, गाणे माणसाच्या मनात साध्या बोलण्यापेक्षा खोल जाऊन बसते. सभेतले भाषण ऐकून घरी येईपर्यंत त्यातले निम्मे विसरते. पण लहानपणी ऐकलेल्या पाळण्याची चाल चाळीस वर्षांनी कानावर पडली तरी पुढचे शब्द आपोआप ओठांवर येतात. याचे कारण गाण्याच्या बांधणीत आहे. ठेका पुढच्या शब्दाला जागा ठरवून देतो, यमक त्याला हाक मारते, आणि ध्रुपद फिरून फिरून येत असल्यामुळे विसरलेला माणूस पुन्हा वाटेवर येतो. शिवाय गाणे एकटे आठवत नाही. ते गाणाऱ्या माणसाचा आवाज, चुलीचा धूर, पहाटेचा गारठा, हातातले काम हे सगळे बरोबर घेऊन येते. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके पाटी-पेन्सिल येऊ दिली नाही, त्या समाजाचे दप्तर म्हणजे त्याचा गळा होता. आपल्या वंशावळी, आपली दुःखे, आपल्या दुष्काळांच्या नोंदी कुठल्याही कुलकर्ण्याने लिहून ठेवल्या नाहीत. त्या बायाबापड्यांनी गाऊन ठेवल्या.

तुम्ही म्हणाल, याचा धम्माशी काय संबंध? संबंध अगदी मुळापासून आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला भिक्खू जमले, महाकश्यप अध्यक्षस्थानी होते, उपालीने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म सांगितला. त्या सभेला आपण काय म्हणतो? संगीति. संगीति म्हणजे एकत्र म्हणणे, एका सुरात म्हणणे. हा उपाली दीक्षेपूर्वी न्हावी होता, हेही विसरू नका. विनय त्याच्या मुखातून पुढे आला. त्यानंतर काही शतके बुद्धवचन कागदावर नव्हते, ताडपत्रावरही नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते प्रथम लिहून काढले गेले. तोवर ते भिक्खूंच्या मुखात आणि कानात जपले गेले. त्रिपिटकातली तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा का येतात, असा प्रश्न नव्याने वाचणाऱ्याला पडतो. ती पाठ करणाऱ्यांच्या सोयीसाठी तशी आहेत.

मात्र गाण्याच्या बाबतीत तथागत सावधही होते. धम्म लांबलचक आलापाने, गाण्याच्या सुरात म्हणण्याचे पाच तोटे त्यांनी भिक्खूंना सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारेही आवाजावरच लुब्ध होतात, गृहस्थ म्हणतात की हे शाक्यपुत्र आमच्यासारखेच गातात, सुराच्या नादात समाधी मोडते, आणि मागून येणारे तोच कित्ता गिरवितात. साध्या, स्पष्ट सुरात पठण करण्यास त्यांनी मोकळीक दिली होती. आपली वंदना त्याच रीतीची आहे. लाउडस्पीकरवर वंदनेला सिनेमातल्या चाली लावणाऱ्या मंडळींनी हे पाच तोटे एकदा वाचावेत, असे मला वाटते. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाराने नृत्य-गीत-वाद्यापासून दूर राहावे, असाही नियम आहे. पण तो अष्टशीलाचा नियम आहे. रोजचे पंचशील पाळणाऱ्या गृहस्थाला गाणे वर्ज्य नाही.

उलट दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा वीणावादक तथागतांपुढे येतो आणि वीणेवर गातो. (तो गंधर्व होता ही कथेची जुनी मांडणी, ती बाजूला ठेवून मुद्दा घ्यावा.) त्याच्या गाण्यात बुद्ध, धम्म आणि अर्हत यांचा उल्लेख आहे आणि त्याच्या प्रेयसीचाही आहे. तथागत त्याला रागावले नाहीत. तुझ्या तारांचा नाद गाण्याशी जुळतो आणि गाणे तारांशी जुळते, कोणी कोणावर मात करीत नाही, अशा अर्थाची त्यांनी त्याची वाखाणणी केली. वाद्य गाण्यावर चढू नये आणि शब्द ऐकू यावेत, ही कसोटी तुमच्या वस्तीतल्या गायन पार्टीलाही लावून पाहा.

आता थेरीगाथा घ्या. भिक्खुणींच्या या गाथा आमच्या प्रत्येक घरात वाचल्या गेल्या पाहिजेत. मुत्ता नावाची थेरी म्हणते की आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पाप धुतले जात असेल, तर मासे, बेडूक आणि कासवे सगळीच स्वर्गाला जातील की काय? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दासीचा हा सवाल आहे आणि तो गाथेत बांधलेला असल्यामुळेच आपल्यापर्यंत पोचला. आमच्या जलशातली बतावणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना पुण्णिकेचा आवाज परका वाटणार नाही.

उखळ-मुसळापासून जात्यापर्यंत अंतर फार नाही. पिठाची गिरणी गावोगाव येण्यापूर्वी प्रत्येक घरात बाई पहाटे जात्यावर बसे, बहुधा दोघी समोरासमोर, आणि दोन ओळींची ओवी म्हणे. पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, मग बाप, भाऊ, लेक अशी ती मोजणी चाले. माहेरची आठवण, सासूचा जाच, मेलेले मूल हे सारे त्या ओवीत. मोठ्याने बोलायची सोय नव्हती ते बाई जात्याच्या घरघरीत गाऊन घेत असे. आणि मग एक गोष्ट घडली, जिची कोणी सभा भरविली नव्हती की पत्रक काढले नव्हते. आमच्या वस्त्यांतल्या बायांनी मोजणी तीच ठेवली आणि नावे बदलली. पहिली ओवी भीमरायाला, मग रमाईला, मग बुद्धाला, धम्माला, संघाला. बाबासाहेबांना त्यांनी भाऊ केले, बाप केले, गुरू केले. ज्या बाईने त्यांना एकदाही पाहिले नव्हते, तिनेही आपल्या अंगणात त्यांना ओवीतून आणून बसविले.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1980 नंतर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांच्या भीमाच्या ओव्या आहेत. त्या बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. धर्मांतराचा इतिहास लिहिणारांनी नागपूरच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या सोहळ्याचे वर्णन पुष्कळ केले आहे आणि ते योग्यच आहे. पण दीक्षा स्वयंपाकघरात कशी शिरली, हे पाहायचे असेल तर या ओव्यांकडे जावे लागते.

पुरुषांच्या बाजूला हेच काम जलशाने केले. याची वाट महात्मा फुल्यांनी दाखविली होती. 1869 साली त्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा रचला आणि 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या समाजाचे जलसे पुढे खेड्यांत फिरू लागले. बाबासाहेबांची चळवळ उभी राहिली तेव्हा तमाशातले कसलेले गडी तिच्यात आले. नाशिकच्या भीमराव कर्डकांचे नाव त्यांत आधी घ्यावे लागते. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या धामधुमीतच त्यांच्या जलशाची उभारणी झाली. पुढे त्यांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तकही लिहून ठेवले. मिळेल तिथून मिळवून वाचावे असे ते आहे.

तमाशाचा साचा तुम्हाला ठाऊक आहेच: गण, गवळण, बतावणी, वग. जलसेवाल्यांनी ढोलकी ठेवली, तुणतुणे ठेवले, विनोद ठेवला आणि आतला माल पालटला. गवळणींची छेडछाड गेली. बतावणीत एक भोळा गावकरी आणि एक शिकलेला तरुण समोरासमोर येत. मेलेले ढोर का ओढायचे नाही, त्याचे मांस का खायचे नाही, पोरगी शाळेत का घालायची, भगताच्या अंगातला देव नेमका कोंबडे मागताना कसा जागा होतो, हे सवाल-जवाबांतून चाले. लोक हसत हसत ऐकत आणि घरी जाताना गाणे गुणगुणत जात. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 ला काय घडले, येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेब काय बोलले, हे वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसाला कळले ते बहुतेक वेळा कंदिलाच्या उजेडात उभ्या राहिलेल्या या गड्यांकडून. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, अशी आठवण जुनी मंडळी सांगत आली. विदर्भात त्याच्या आधीपासून किसन फागूजी बनसोडे यांची पदे लोकांच्या तोंडी होती.

बाबासाहेबांना गाण्याचे मोल का कळले असावे, याचा विचार करा. त्यांचे घर कबीरपंथी. वडील सुभेदार रामजी घरात रोज भजने व दोहे म्हणत आणि मुलांकडून पाठ करून घेत. 1920 साली 'मूकनायक' काढला तेव्हा मथळ्याशी तुकारामाचा अभंग होता. 1927 च्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या होत्या. पुढे त्यांनी आपले तीन गुरू सांगितले ते बुद्ध, कबीर आणि फुले. लहानपणी कानावर पडलेल्या कबीराला त्यांनी टाकून दिले नाही. विवेकाच्या चाळणीतून गाळून जवळ ठेवले. उतारवयात व्हायोलिन शिकायलाही घेतले. परंतु याच बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी देऊ केलेले तमाशाच्या खेळांचे पैसे स्वीकारले नाहीत. आपल्या लेकीबाळींना फडावर नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. म्हणजे त्यांचा विरोध ढोलकीला नव्हता; तिच्यामागे उभ्या असलेल्या बाईच्या अपमानाला होता.

येथे हलगीचा प्रश्न येतो आणि तो सोपा नाही. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गावचे वाजप केले, त्या घरांत आजही दीक्षा घेतली जात आहे. देवीच्या यात्रेत, पाटलाच्या लग्नात, मयतीत हलगी-डफ वाजवायचे आणि मंडपाबाहेर बसून शिळे अन्न घ्यायचे, ही त्यांची बलुतेदारी. ज्यांनी हे काम सोडले त्यांच्यावर गावाने बहिष्कार घातला, पिठाची गिरणी आणि विहीर बंद केली. तेव्हा एखादा बाप हलगी आढ्याला टांगून म्हणतो, "आता हिला हात लावायचा नाही," तर त्याचे म्हणणे मला समजते. त्या चामड्यावर त्याच्या बापाचा अपमान वाजलेला आहे. पण त्याच घरातला पोरगा जर चैत्यभूमीच्या वाटेवर किंवा मोर्चात ती हलगी घेऊन उभा राहिला, तर त्याला अडवू नये. सक्ती वाईट होती. हात आणि कान वाईट नव्हते. कोणाच्या दारात, कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी वाजवायचे हे वाजविणारा स्वतः ठरवू लागला, की तेच वाद्य वेगळे होते. बापाला ते ऐकवत नसेल, तर त्यालाही आग्रह करू नये. जखमेला वेळ द्यावा लागतो.

वामनदादा कर्डकांचे नाव तुमच्या घरात आहेच. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म 1922 चा. मुंबईच्या चाळीत असताना कोणी एकाने पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना म्हणून ते रडले. मग एका गुरुजींकडून अक्षरे शिकले आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरांवर हात बसविला. 1943 साली त्यांनी पहिले गीत रचले ते एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचे विडंबन होते. म्हणजे सिनेमाची चाल घेण्यात मुळात पाप नाही. प्रश्न इतकाच की त्या चालीत तुम्ही काय भरता? वामनदादांनी पुढे हजारो गीते रचली. त्यांत स्तुती आहे तशी जाब विचारणारी गीतेही आहेत, आणि जाब कधी कधी आपल्याच पुढाऱ्यांना आहे. 2004 साली ते गेले. विठ्ठल उमप तर 2010 च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवरच, कार्यक्रम चालू असताना कोसळले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एका बाजूला विठ्ठलाच्या गाण्यांतून पंढरपूरपर्यंत गेला आणि दुसऱ्या बाजूला भीमगीतांतून आमच्या वस्त्यांत. त्यावरून कोणी त्यांना दोष देतात. पोट गाण्यावर असलेल्या कलावंताला दोष देण्यापूर्वी आपण त्याला किती मानधन दिले हेही आठवावे.

जुनी चाल आणि नवा आशय ही रीत आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना लिहिणे-वाचणे मना होते. त्यांनी चर्चमधल्या गीतांत आपली सुटका गायिली. 'वी शॅल ओव्हरकम' हे गीत अशाच धर्मगीताच्या घराण्यातले. 1945 मध्ये चार्ल्सटनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी बायांनी ते पिकेटिंगवर म्हटले, तेथून ते चळवळीच्या शिबिरात आले, शब्द थोडे बदलले, आणि 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात ते म्हटले गेले. आपल्याकडे शाळेतली मुले त्याचा हिंदी अवतार म्हणतात आणि तो कोणाच्या घामातून आला हे त्यांना कोणी सांगत नाही. मुलांना सांगा.

चळवळीला गाण्याची गरज विजयाच्या दिवशी तितकी नसते. नामांतराचे पाहा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला, लगेच खेड्यापाड्यांत आमची घरे जाळली गेली, आणि नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. मध्ये साडेपंधरा वर्षे. इतकी वर्षे माणसे मोर्च्याला येत राहिली, तुरुंगात गेली, पुन्हा आली. भाषण एवढा काळ पुरत नाही. गाणे पुरते, कारण ते मोर्चा संपल्यावर घरी येते आणि पाळण्याशी बसते. अर्थात गाणारा माणूस पोलादाचा नसतो. 11 जुलै 1997 ला मुंबईच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली. ते पाहून शाहीर विलास घोगरे यांनी चारच दिवसांनी आपला जीव दिला. इतरांचे दुःख जो गळ्यात वागवितो त्याला कोणी विचारपूस करणारे असावे लागते. तुमच्या वस्तीत असा कलावंत असेल तर त्याच्या घरी जात जा.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहिले पाहिजे. काही ठिकाणी आरतीच्या चालीवर, हातात ताट घेऊन, बुद्धाची आणि बाबासाहेबांची आरती म्हटली जाते. येथे चालीबरोबर जुना अर्थही आत शिरतो. ओवाळणे, साकडे घालणे, प्रसाद वाटणे हे त्या चालीला चिकटलेले आहे, आणि ती चाल वाजली की अंग आपोआप तसे वागते. बुद्ध हा विष्णूचा अवतार असे मानणार नाही, ही आपली प्रतिज्ञा आहे. बाबासाहेबांना चमत्कार करणारा देव करणारे गाणे ढोलकीवर कितीही रंगले तरी ते त्या प्रतिज्ञेच्या विरुद्ध जाते. जयंतीच्या डी.जे.बद्दल फार लिहीत नाही. ज्या आवाजात शब्दच ऐकू येत नाहीत त्यातून मूल काय शिकणार?

मग घरात काय करावे? आजीला गप्प करू नये. तिने स्वतःहून नाव बदलून ओवी म्हटली तर आनंद आहे. नाही म्हटली तर ती जुनी ओवी तिच्या दुःखाचा कागद आहे असे समजून ऐकावी. घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलीने एक वही करावी, आजीजवळ बसावे आणि ओवी तिच्या उच्चारासकट उतरवावी. शुद्ध करू नये. कोणत्या गावी, कोणाबरोबर दळताना ती शिकली, तेव्हा घरात काय चालले होते, हेही शेजारी लिहावे. भीमाच्या ओव्या ती कुठे प्रथम ऐकली हे अवश्य विचारावे, कारण तुमच्या घराण्यात धम्म कधी आला याची ती तारीख असू शकते. मोबाईलवर आवाज धरून ठेवता येत असेल तर तोही धरावा, मात्र आधी तिला विचारून. नव्या बाळाच्या नामकरणाला पाळणा म्हणायचा असेल तर तिचीच चाल घ्यावी, कृष्णाच्या जागी सिद्धार्थाचा किंवा भीमाचा जन्म गावा. असे पाळणे पुष्कळ बायांना येतात, शेजारी चौकशी केली तर मिळतील. वंदना मात्र रोज साध्या सुरात, अर्थ सांगून, मुलांना बरोबर घेऊन म्हणावी. त्रिसरण-पंचशील संपल्यावर आजीला म्हणावे, "आता तुझी एक होऊ दे."